साडेआठची नोंद

टपाल खात्याच्या हिशेबात नांदेड जिल्ह्यातलं कंधार आणि अंटार्क्टिका एकाच सर्कलमध्ये येतात. थट्टा नाही ही. अंटार्क्टिकावरचं भारताचं पहिलं पोस्ट ऑफिस १९८४ मध्ये उघडलं ते गोव्याच्या पोस्टाला जोडलं गेलं, आणि टपालापुरता गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ‘भारती’ या स्थानकात नवं पोस्ट ऑफिस सुरू झालं आणि त्याला प्रायोगिक पिनकोड मिळाला एमएच-१७१८. कंधारचा पिन ४३१७१४. शेवटचे आकडे भावकीतले वाटतात, पण तो निव्वळ योगायोग.

नकाशावरचा योगायोग मात्र त्याहून गमतीचा आहे. भारती स्थानक ७६ अंश ११ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे, कंधार ७७ अंशांच्या किंचित पुढे. भारतीहून नाकासमोर उत्तरेला निघालं तर आधी नुसता समुद्र, मग केरळचा किनारा, मग कर्नाटक, आणि ती रेघ तुळजापूर आणि औसा यांच्या मधून मराठवाड्यात शिरते. कंधार तिथून हाकेच्या अंतरावर म्हणायला हरकत नाही, कारण मूळ अंतरच पावणेदहा हजार किलोमीटरचं आहे. दोन्ही ठिकाणची मध्यान्ह चार-पाच मिनिटांच्या फरकाने होते. फरक इतकाच, की मृगाच्या पेरणीच्या धांदलीत कंधारला भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, तेव्हा भारतीला सूर्य क्षितिजाच्या वरच येत नाही.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि साडेआठलाच सुरू होतो. आदल्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडला तो ‘आजचा पाऊस’. पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, पाण्याची रेघ डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, वर कळवायचा. पिढ्यान् पिढ्या तहसिलीच्या ठिकाणी हे काम कुणीतरी कारकून, कुणीतरी शिपाई करत आला. आता बऱ्याच मंडळांत ते यंत्र करतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. मग पंचनामे, मग मदत. कास्तकाराला हा आकडा पाठ असतो.

पण साडेआठच का? आठ किंवा नऊ का नाही? कारण भारतीय वेळेचे साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे बरोबर तीन. जगभरच्या हवामान निरीक्षकांनी दर तीन तासांनी, सगळ्यांनी एकाच क्षणी नोंद घ्यायची, असा करार आहे. तेव्हा कंधारला मोजपात्र उचललं जातं त्याच क्षणी अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ स्थानकात भारतीय हवामान विभागाचा माणूस वाऱ्याचा वेग, हवेचा दाब आणि तापमान वहीत उतरवत असतो. दोघांची पद्धत एक, घटका एक.

ध्रुवीय संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फाच्या वादळात झेंडा रोवणारा वीर येतो. मला हे चित्र फसवं वाटतं. तिथलं बहुतेक विज्ञान कारकुनी स्वरूपाचं आहे. हा शब्द मी आदराने वापरतोय. रोज तेच यंत्र, तीच वेळ, तोच आकडा, आणि नोंद चुकवायची नाही.

सुरुवात अर्थात झेंड्यानेच झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ नावाचं भाड्याचं नॉर्वेजियन जहाज निघालं. मोहिमेचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम, अलाहाबादचे सागरविज्ञानी. जाताना फारसा गाजावाजा केला नव्हता. ९ जानेवारी १९८२ ला ही मंडळी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली, थोडेच दिवस राहिली आणि परतली. पुढे १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि त्याच वर्षीच्या अखेरीस तिसरी मोहीम निघाली. ती खरी पाया घालणारी. तिचे नेते डॉ. हर्ष गुप्ता. त्या उन्हाळ्यात समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या पठारावर लाकडी भागांचं ‘दक्षिण गंगोत्री’ उभं राहिलं आणि बारा जण पहिल्यांदा तिथे हिवाळा काढायला मागे थांबले. हर्ष गुप्ता हे नाव लक्षात ठेवा. मराठवाड्याशी त्यांची गाठ पुढे वेगळ्या आणि फार वाईट प्रसंगी पडणार होती.

याच तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत होत्या. जन्म नागपूरचा, घराणं औंधचं, वडील मुत्सद्दी अप्पासाहेब पंत. पुणे विद्यापीठातून पदवी, पुढे हवाई आणि लंडन, नंतर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी त्या एक. दुसऱ्या जादवपूरच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. वर्तमानपत्रांना ‘पहिल्या महिला’ एवढंच पुरलं. त्यांचं काम काय होतं, हे फार थोड्यांनी विचारलं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात, प्लवक म्हणतात त्यांना. सूर्यप्रकाशावर त्या किती अन्न तयार करतात, हे मोजणं हा त्यांचा विषय. त्या प्लवकावर क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव जगतात आणि क्रिलवर पेंग्विनपासून देवमाशापर्यंत सगळे. थोडक्यात, त्या समुद्राचं पीक मोजत होत्या. आपल्याकडे पीककापणी प्रयोग होतात, त्याच जातीचं काम.

दक्षिण गंगोत्रीचं पुढे काय झालं? ते बर्फात बुडालं. वितळून नव्हे, वरून बर्फ साचत गेला आणि स्थानक खाली खाली जात राहिलं. १९९० मध्ये ते बंद करावं लागलं. तोवर शिर्माखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर मैत्री उभं राहिलं होतं आणि शेजारच्या तळ्याचं पाणी प्यायला मिळत होतं. त्या तळ्याचं नाव प्रियदर्शिनी. भारती २०१२ मध्ये आलं, मैत्रीपासून सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेला. मालवाहू जहाजांवरचे १३४ कंटेनर जोडून ही इमारत केली आणि वरून कवच चढवलं. उत्तर ध्रुवाच्या बाजूला, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, २००८ पासून ‘हिमाद्री’ आहे. या सगळ्याचा कारभार वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातून चालतो. नारळाच्या झाडांच्या गावात अंटार्क्टिकाचा बर्फ उणे वीस अंशांत जपून ठेवलेला आहे.

तिथे जायचं तर आधी दिल्लीला एम्समध्ये तपासणी, मग उत्तराखंडात औलीला बर्फावर चालायचं, दोर बांधायचं प्रशिक्षण. मग केपटाऊन. तिथून विमानाने किंवा जहाजाने. मार्चनंतर परतीची वाट बंद होते आणि स्थानकात वीस-पंचवीस माणसं उरतात. त्यांत शास्त्रज्ञ निम्मेही नसतात. जनरेटर सांभाळणारा, नळ गोठू न देणारा, स्वयंपाकी, डॉक्टर, बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, वायरलेस बघणारा असे बाकीचे. जनरेटर बंद पडला तर शास्त्रज्ञाचं यंत्र, शास्त्रज्ञ आणि शास्त्र तिन्ही एकदम थंड. शोधनिबंधावर मेकॅनिकचं नाव येत नाही. यायला हवं, असं माझं मत आहे.

धोका वादळाचा असतोच, पण तो दिसतो तरी. जानेवारी १९९० मध्ये नवव्या मोहिमेतले चार जण स्थानकापासून दूर डोंगरात मुक्काम करून काम करत होते. तंबूत विषारी वायू साचला आणि चौघेही झोपेतून उठले नाहीत. थंडी बाहेर ठेवण्यासाठी जितकं घट्ट बंद करावं तितकी आतली हवा मारक होत जाते. हिवाळ्यात खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या आपल्याकडेही येतात. कारण तेच.

आता यंत्रांकडे येऊ. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची माणसं अंटार्क्टिकावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवतात. त्या नोंदीची मुळं मुंबईच्या कुलाब्याला आहेत. तिथली वेधशाळा १८२६ ची. १८४० च्या दशकापासून चुंबकीय मोजमापं सुरू होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह म्हटला की त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आलंच; ट्रामच्या खडखडाटाखाली पृथ्वीची कुजबुज ऐकूच आली नसती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी ट्रामशी भांडत बसण्यापेक्षा जागा बदलायचं ठरवलं आणि अलिबाग निवडलं. तिथली इमारत चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली. लोखंडाचा खिळा चालत नव्हता, म्हणून तांब्या-पितळेची जोडणी केली. आणि जुनं बंद करून नवं सुरू, असं न करता दोन्हीकडे काही काळ एकत्र नोंदी घेतल्या, म्हणजे कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांचं नातं पक्कं होईल. १९०४ पासून अलिबागची नोंद चालू आहे.

त्या काळात दोन वेधशाळा एकत्र चालवण्याचा खर्च कुणाला उधळपट्टी वाटला असेल. पण नोंदीचा धागा तुटला असता तर आधीच्या साठ वर्षांच्या वह्या रद्दी झाल्या असत्या. अंटार्क्टिकावर हीच शिस्त जाते. सूर्याकडून येणारे भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून ध्रुवांकडे उतरतात. रात्रीच्या आकाशात हिरवे पडदे हलतात ते त्यामुळेच. सूर्यावर वादळ झालं की त्याची चाहूल तिथल्या यंत्रांना लागते, आणि अलिबागच्या आकड्याशेजारी मैत्रीचा आकडा ठेवला की वादळ कसं पसरलं हे दिसतं.

कंटाळवाण्या नोंदीने जग हलवल्याचं उदाहरण मात्र इंग्रजांच्या हॅली स्थानकाचं. १९५० च्या दशकापासून तिथे एका जुनाट उपकरणाने माथ्यावरच्या ओझोन वायूचा थर मोजला जात होता. वर्षानुवर्षं तोच प्रकार. हे आता कशाला चालू ठेवायचं, हा प्रश्न अशा कामाला दर अंदाजपत्रकात विचारला जातोच. १९८० च्या सुमारास दर वसंतात आकडे घसरू लागले. जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आधी उपकरणावर संशय घेतला, ते बदलून पाहिलं, आणि १९८५ च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये निबंध छापला: अंटार्क्टिकावरचा ओझोन विरतो आहे. उपग्रह आकाशात होता, त्यालाही हे आकडे दिसले होते. पण इतके कमी आकडे शंकास्पद ठरून बाजूला पडले होते. दोन वर्षांत, १९८७ ला, माँट्रियलचा करार झाला आणि फ्रिज-एसीतले ओझोनला घातक वायू हटवायचं ठरलं.

या विषयात भारताचा हातही रिकामा नव्हता. हवामान विभागाच्या अॅना मणी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्याला बांधून आकाशात सोडायचं ओझोन मोजणारं यंत्र देशात तयार केलं होतं. पुढे तेच तंत्र अंटार्क्टिकावर गेलं. हायड्रोजन भरलेला फुगा वाऱ्यात धरून ठेवायला दोन-तीन माणसं लागतात. त्यांत स्वयंपाकीही असतो.

आकाश झालं. आता पायाखाली बघू. मराठवाड्याचं अंटार्क्टिकाशी खरं नातं तिथेच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर माणसं गाढ झोपेत असताना, किल्लारीत भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे हलायचं नाही अशी जागा, ही समजूत त्या पहाटे मोडली. तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे संचालक होते हर्ष गुप्ता, दहा वर्षांपूर्वी बर्फावर दक्षिण गंगोत्री उभारणारे. किल्लारीला खोल बोअर घेतलं गेलं. काळ्या पाषाणाचे थर ३३८ मीटरवर संपले, त्याखाली गाळाचा पातळ पदर लागला आणि मग सुरू झाला अतिप्राचीन पट्टेदार खडक. बोअर ६१७ मीटरपर्यंत गेलं.

आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भूशास्त्राच्या हिशेबात तो कालपरवाचा. त्याच्या खालचा खडक मात्र अशा काळाचा साक्षीदार आहे, जेव्हा भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडात होते. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी त्यांची फारकत झाली. भारती स्थानकाभोवतीच्या टेकड्यांचे खडक आपल्या पूर्व घाटातल्या खडकांशी जुळतात. भूशास्त्रज्ञ तिथे हातोडी घेऊन फिरतात ते वाटणीपूर्वीच्या घराच्या भिंती कुठवर होत्या हे पाहायला.

त्या अखंड भूखंडाचं नाव गोंडवन. भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणातल्या इंग्रजांनी १८७० च्या दशकात ते नाव गोंडांच्या मुलखातल्या खडकांना दिलं आणि पुढे एडवर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ते सगळ्या दक्षिणी भूखंडाला लावलं. नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूरकडे गोंडांची गावं आहेत. भाषेचा केवढा मोठा प्रवास! ज्यांना आपल्या पुस्तकांत जेमतेम एक परिच्छेद मिळतो, त्यांचं नाव दक्षिण ध्रुवावरच्या प्रत्येक खडकाच्या इतिहासात आहे.

याच माहूर-किनवटच्या कडेने पेनगंगा वाहते. पुढे चंद्रपूरकडे ती वर्धेला मिळते. त्या संगमापासून फार लांब नसलेल्या इरई इथे फ्रान्सिस फेडन या भूशास्त्रज्ञाला त्याच १८७० च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर समांतर ओरखडे. वर गोट्यांचा आणि चिखलाचा थर. पाणी असे ओरखडे काढत नाही. असं घासतो तो बर्फ: सरकणाऱ्या हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर करवतीसारखे फिरतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी पेनगंगेकाठी हिमनदी होती. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळिशी गाठतो त्या चंद्रपुरात! तेव्हा हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता. ध्रुवीय संशोधनाचा एक पुरावा म्हणजे नांदेडहून गाडी करून एका दिवसात पाहून येण्यासारखी गोष्ट आहे.

बर्फ ओसरल्यावर त्या भूखंडावर जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं माजली. ग्लॉसॉप्टेरिस हे त्यांचं शास्त्रीय नाव. ती गाडली जाऊन कोळसा झाला. बल्लारपूर आणि वणीच्या खाणींतला कोळसा त्याच जंगलांचा. १९१२ च्या फेब्रुवारीत दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटच्या चमूने बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला थांबून दगड गोळा केले. माणसं उपाशी, थकलेली, पाय हिमदंशाने गेलेले. तरी सुमारे सोळा किलो दगड त्यांनी घसरगाडीवर लादले आणि अखेरपर्यंत टाकले नाहीत. परतीच्या वाटेवर पाचही जण मेले. काही महिन्यांनी शोधायला गेलेल्यांना शेवटच्या तंबूपाशी ते दगड सापडले. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पानं होती, वणीच्या खाणीत सापडतात त्याच जातकुळीची.

एवढं सगळं पाहून कंधारचा कास्तकार विचारेल, आणि विचारायलाच हवं: आमच्या सोयाबीनचं काय?

गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला कारा नावाचा समुद्र आहे. उन्हाळ्यात त्यावरचा बर्फ जितका घटतो, तितकं उघडं पाणी वरच्या हवेला ऊब देतं. वरच्या थरातल्या वाऱ्यांना वळणं पडतात, ती मध्य आशियापर्यंत येतात, आणि अरबी समुद्र आधीच तापलेला असला तर सप्टेंबरात मध्य भारतावर अतिवृष्टीला अनुकूल स्थिती होते. अभ्यासाने याला ‘संभाव्य संबंध’ म्हटलं आहे आणि तेवढंच म्हणणं प्रामाणिक आहे. एका वर्षाचा बर्फ पाहून पुढच्या महिन्याचा पाऊस सांगता येईल, असा त्याचा अर्थ नाही. पण सप्टेंबर म्हणजे शेंगा भरलेल्या असण्याचा, कापणी दारात येण्याचा महिना. हस्ताच्या पावसात उभ्या सोयाबीनला कोंब फुटलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना कारा समुद्र एवढा लांबचा वाटणार नाही.

आता असा संबंध तपासायचा म्हणजे काय करायचं? एका बाजूला समुद्रबर्फाची वर्षानुवर्षांची नोंद लागते, ती उपग्रहांकडून मिळते. दुसऱ्या बाजूला पावसाची नोंद लागते, तितकीच जुनी, तितकीच अखंड. पुण्याच्या हवामान विभागाने देशाचे चौकोन पाडून १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाचा एक तक्ता केला आहे. जगभरचे अभ्यासक तो वापरतात. तो देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवर उभा आहे. तालुक्याच्या गावात, छत्री एका हातात आणि मोजपात्र दुसऱ्या हातात धरून, सकाळी साडेआठला कुणीतरी घेतलेल्या नोंदी.